हायरायडर हायब्रिड नागपुरात : गाडी रात्री कुठे उभी राहते, तिथून विचार सुरू करा

पहिले निकाल सांगून टाकते, मग बाकीचं. टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर, स्ट्राँग हायब्रिडवाली, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटरही असलेली आणि थोडं अंतर नुसत्या मोटरवर चालणारी, वर्षाच्या वर झालं आमच्याकडे आहे. मी रोज मनीष नगरहून सदरला तिच्यातच जाते आणि नवरा कामासाठी अधूनमधून समृद्धीवरून संभाजीनगरला नेते. शहरासाठी ही गाडी मला मनापासून आवडली. समृद्धीसाठी तेवढी नाही. आणि ज्यांचं स्वतःचं घर आहे, गाडी अंगणात लागते, छतावर सोलर आहे, त्यांनी हायब्रिडच्या भानगडीत न पडता सरळ इलेक्ट्रिक घ्यावी, हे मी हायब्रिडची मालकीण असून सांगून राहिली आहे कारण आमच्या घरातच दोन्ही प्रकार आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

सगळीकडे भांडण एकच चालू आहे, हायब्रिड राहील का इलेक्ट्रिक जिंकेल, का हायड्रोजन येऊन दोघांनाही मागे टाकेल. मला वाटते हे भांडण इंजिनावरून करण्यात अर्थ नाही. तुमची गाडी रात्री उभी कुठे राहते, तिथे प्लग आहे का, तो प्लग तुमच्या मीटरचा आहे का, एवढं पाहिलं तर निम्मं उत्तर तिथेच मिळून जाते.

आमचं सांगते. आमची फ्लॅट स्कीम आहे, खाली स्टिल्ट पार्किंग, मीटर रूम एका टोकाला आणि आमची जागा पार दुसऱ्या टोकाला भिंतीजवळ. गाडी घ्यायच्या आधी पहिली पसंती इलेक्ट्रिकच होती, मी कमिटीला विचारलं की आमच्या मीटरवरून केबल टाकून चार्जर बसवू द्या, सगळा खर्च आमचा. तर मीटिंगमधे कोणी म्हणे आग लागेल, कोणी म्हणे एकाला दिलं तर सगळेच मागतील, कोणी म्हणे लोड वाढवावा लागेल. लोडची गोष्ट तर खरीच आहे, जुन्या स्कीमचं वायरिंग तेव्हाच्या हिशोबानं झालेलं असते आणि उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी सुरू झाले की तसंही ओढाताण होते. पण तो प्रश्न सोडवायचा असते, टाळायचा नसते. तो काही सुटला नाही आणि आम्हाला गाडी हवी होती. रोज रात्री बाहेरच्या चार्जरवर जाऊन तासभर बसणं नोकरी आणि घर सांभाळून मला जमणार नव्हतं, आणि तिथला युनिटचा दरही घरच्यापेक्षा बराच जास्त लागते. म्हणून हायब्रिड.

आता ही गाडी करते काय ते नीट सांगते कारण शोरूममधे कोणी नीट सांगत नाही. आम्ही ज्या शोरूमला पहिले गेलो तिथला पोरगा म्हणे मॅडम ही स्वतःच चार्ज होते, वीज फुकट. फुकट काही नसते. गाडी चालवायला जी ताकद लागते ती शेवटी सगळी पेट्रोलमधूनच येते, फक्त पेट्रोलची जी ताकद साध्या गाडीत वाया जाते ती इथे पकडून ठेवतात. तुम्ही ब्रेक मारला की साध्या गाडीत ती सगळी ताकद ब्रेक तापवण्यात जाते, हिच्यात मोटर उलटी जनरेटरसारखी चालून ती बॅटरीत भरते आणि सिग्नल सुटला की तीच वापस चाकाला देते. सिग्नलवर इंजिन बंद, हळू चालवताना इंजिन बंद, उतारावर इंजिन बंद.

इंजिन दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं, अ‍ॅटकिन्सन सायकलवालं, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह थोडा उशिरा बंद होते त्यामुळे ताकद जराशी कमी पण पेट्रोलचा उपयोग जास्त, आणि जी ताकद कमी पडते ती मोटर भरून काढते. इंजिन साधारण ९२ हॉर्सपॉवरचं, मोटर ८० ची, पण दोघांचं मिळून ११५ च्या आसपास धरतात, बेरीज करायची नाही. गिअरबॉक्स म्हणजे ई-सीव्हीटी, त्यात नेहमीचा क्लच नाही, पट्टा नाही, एक ग्रहमाला गिअरचा संच आहे जो इंजिन आणि दोन मोटरांची ताकद जुळवते. वेगळा स्टार्टर नाही, वेगळा अल्टरनेटर नाही. त्यामुळे गाडी आतून गुंतागुंतीची वाटली तरी खराब होणारे बरेचसे नेहमीचे पार्ट तिच्यात नाहीतच, ही गोष्ट मला फार मोठी वाटते आणि हायब्रिड म्हणजे मेंटेनन्सचं झंझट असं म्हणणाऱ्यांना मी हीच सांगते.

बॅटरी मात्र एवढीशी. ०.७६ किलोवॅट-अवर, म्हणजे लाइट बिलावरचं पाऊण युनिट. एक युनिट सुद्धा पूर्ण नाही! मोठ्या इलेक्ट्रिक गाडीत ४५ युनिटची बॅटरी असते, म्हणजे एका इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीच्या मालात आपल्या हायब्रिडच्या जवळपास साठ बॅटऱ्या होतात. टोयोटावाले हाच हिशोब पुढे करून म्हणतात की लिथियम कमी आहे तर ते एका गाडीत कोंबण्यापेक्षा पुष्कळ गाड्यांत वाटा, पेट्रोल जास्त वाचेल. हायब्रिड विकणाऱ्यानंच मांडलेला हिशोब आहे हे खरं, पण गणित चुकीचं नाही. साठ गाड्यांनी प्रत्येकी तिसरा हिस्सा पेट्रोल वाचवलं तर ते वीस गाड्यांचं पूर्ण पेट्रोल वाचवल्यासारखंच झालं. देशाच्या पातळीवर मला हे पटते. पण माझ्या एकटीच्या खिशाच्या पातळीवर लिथियम जगात किती आहे याचा काही संबंध नाही, तिथे किलोमीटरला किती रुपये लागले तेच पाहिलं जाते. हे दोन हिशोब लोक एकमेकांत मिसळवतात म्हणून वाद संपत नाही.

आता ऊन. नागपूरच्या गाडीबद्दल लिहायचं आणि उन्हाबद्दल लिहायचं नाही असं होऊच शकत नाही. २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे ४७.९ पर्यंत पारा गेला होता, आणि २०२४ च्या मे अखेरीस ५६ अंशाचा आकडा देशभर फिरला तेव्हा हवामान खात्याला सेन्सर बिघडला म्हणून सांगावं लागलं, पण पंचेचाळीसच्या आसपास तर बहुतेक दरवर्षीच असते. अशा वेळी दुपारी दोनला व्हेरायटी चौकात सिग्नलला उभं राहिलं की साध्या ऑटो स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत दोनच गोष्टी होतात, इंजिन बंद पडले तर एसीचा कॉम्प्रेसर बंद आणि अर्ध्या मिनिटात घाम, नाहीतर इंजिन चालूच आणि पेट्रोल जळत राहते. हायब्रिडमधे एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालते, इंजिनाच्या पट्ट्यावर नाही. इंजिन बंद आणि एसी तसाच थंड. सीताबर्डीच्या जॅममधे, मागच्या सीटवर सासूबाई बसलेल्या असताना, ही गोष्ट मला बाकी सगळ्या फीचरपेक्षा मोलाची वाटली. समोरच्या सीटांतून थंड हवा येणारा व्हेरियंट घ्या, पैसे वसूल होतात. वरचं मोठं काचेचं छप्पर मात्र आपल्या गावात कशाला पाहिजे हे मला अजून कळलं नाही, त्याच्यानं मागच्यांच्या डोक्यावरची जागा कमी होते आणि त्याचा पडदाही पातळ आहे.

पण बॅटरी पाऊण युनिटचीच आहे हे विसरू नका. मे महिन्यात एसी फुल असते तेव्हा सिग्नलवर काही मिनिटांतच बॅटरी खाली येते आणि इंजिन स्वतःहून सुरू होऊन तिला भरते. गाडी सदरला दुपारभर उन्हात उभी असली तर परत निघताना पहिली काही मिनिटं इंजिन जास्तच चालते कारण केबिन भट्टीसारखी झालेली असते आणि तापलेल्या बॅटरीला गाडी जपून वापरते. म्हणजे हिवाळ्यात जे मायलेज मिळते ते मे मधे मिळत नाही. डिसेंबरमधे शहरात मला २४-२५ मिळते, मे मधे २०-२१ च्या आसपास. कागदावर २७.९७ आहे, तो टेस्टचा आकडा आहे, त्याची अपेक्षा ठेवून गाडी घेऊ नका. तरीही मे च्या दुपारी, एसी फुल, वर्धा रोडच्या ट्रॅफिकमधे पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी वीसचं अ‍ॅव्हरेज देते म्हटलं तर आमच्या ऑफिसमधे कोणाला खरंच वाटत नाही.

उन्हाच्याच बाबतीत एक काळजी घ्या. बॅटरी हवेनं थंड होते आणि ती हवा केबिनमधूनच घेतली जाते, जाळी मागच्या सीटपाशी असते. तिथे पिशवी, बेडशीट, मुलांचं दप्तर टेकवून ठेवू नका, आणि आपल्याकडे एवढी धूळ आहे तर सर्व्हिसिंगच्या वेळी तिथलं फिल्टर साफ करायला आठवणीनं सांगा. हे शोरूममधे सांगत नाहीत.

रस्त्या रस्त्याचा फरक सांगते. मनीष नगरहून निघून छत्रपती चौक, अजनी चौक, राहाटे कॉलनी, बर्डी, झिरो माइल, सदर, हा जो खालचा सिग्नल-सिग्नलचा रस्ता आहे तोच हायब्रिडचा खरा रस्ता आहे. मी डबल डेकर पुलावरून न जाता मुद्दाम खालून गेली तर मायलेज जास्त येते, वरून गेली तर वेळ वाचते. साध्या गाडीचं गणित याच्या बरोबर उलटं असते. सरकारी टेस्टिंग संस्था आयकॅटच्या चाचणीत निम्म्याहून जास्त वेळ, म्हणजे साधारण साठ टक्के वेळ, आणि चाळीस टक्के अंतर हायब्रिड इंजिन बंद ठेवून चालते असं निघालं होतं, आमच्या गाडीच्या स्क्रीनवर शहरात मला त्याच्या जवळपासचंच दिसते. गाडी आवाज न करता सरकते. सोसायटीच्या गेटमधे, शाळेसमोर मात्र लोकांना मागून गाडी आली ते कळत नाही, हॉर्न द्यायची सवय ठेवा.

आता समृद्धी. ७०१ किलोमीटरचा रस्ता, जून २०२५ पासून पूर्ण चालू, कारला १२० ची मर्यादा. तिथे ब्रेकच लागत नाही, मग पकडायची कोणती ताकद? सगळा वेळ इंजिनच चालते आणि हवा कापायला पेट्रोल जळते. ९०-९५ नी शांत चाललात तर २१-२२ देते, ११५-१२० ठेवली तर १७ च्या आसपास. वाईट नाहीच, पण एवढं तर चांगली डिझेल गाडीही देते. आणि ओव्हरटेकला पेडल खाली दाबलं की तीन सिलिंडरचं इंजिन जोरात ओरडते, ते ई-सीव्हीटीचं वैशिष्ट्यच आहे, वेग नंतर वाढते आणि आवाज आधी. नवरा महिन्याला अनेकदा लांब जाणारा असता तर मी ही गाडी घेतलीच नसती. घाटात मात्र चांगली चालते. चिखलदऱ्याहून उतरताना गिअरचा दांडा बी मोडला टाका, म्हणजे उतारावर गाडी आपोआप रोखली जाते, ब्रेक तापत नाहीत. बॅटरी छोटी असल्यानं उतारावर ती लवकरच पूर्ण भरून जाते आणि मग पुढची ताकद वायाच जाते, तिथे मोठी बॅटरी असलेली इलेक्ट्रिक गाडी पुढे आहे.

डिक्कीबद्दल स्पष्ट सांगते. बॅटरी मागे आहे त्यामुळे साध्या मॉडेलपेक्षा शंभरेक लिटर जागा कमी. दोन मोठ्या बॅगा उभ्या केल्या की झालं. लग्नाला जायचं असेल, संत्र्याची पेटी आणायची असेल तर मागची सीट पाडावी लागते. दोन पोरं आणि आजी-आजोबांसोबत दिवाळीला गावी जाणाऱ्यांनी हे आधीच पाहून घ्या.

पैशाचा हिशोब. हायब्रिडची सुरुवात साधारण १६ लाखांच्या आसपास, एक्स-शोरूम, आणि त्याच व्हेरियंटच्या साध्या ऑटोमॅटिकपेक्षा अडीच ते तीन लाख जास्त. पेट्रोल आपल्याकडे १०४ च्या आसपास धरा. साधी ऑटोमॅटिक शहरात १३ देते, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये. हायब्रिड वर्षभराचं सरासरी २३ धरलं तर साडेचार रुपये. साडेतीन रुपये वाचले. अडीच-तीन लाख वसूल व्हायला सत्तर ते पंच्याऐंशी हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दीड हजार किलोमीटर चालत असेल तर चार-पाच वर्षांत फिटले. महिन्याला चारशे-पाचशेच चालत असेल तर पैशासाठी हायब्रिड घेऊच नका, ते कधीच वसूल होत नाही, आरामासाठी घ्या नाहीतर साधी मॅन्युअल घ्या. बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, आणि टोयोटानं पहिली हायब्रिड कार, प्रायस, १९९७ मधे काढली तेव्हापासून हे तंत्र रस्त्यावर आहे, त्यामुळे बॅटरी बदलायच्या भीतीनं कोणी थांबू नका.

एक सावधगिरी. साध्या मॉडेललाही मागे हायब्रिड म्हणून सांगतात, निओ ड्राइव्ह, स्मार्ट हायब्रिड वगैरे. त्यातली मोटर इंजिनाला जरासा हातभार लावते, नुसत्या विजेवर गाडी एक इंच हलत नाही. मायलेजचा हा सगळा खेळ फक्त स्ट्राँग हायब्रिडचा. माझ्या ओळखीतल्या एका काकाजींनी साधी घेतली आणि आता मला फोन करून विचारून राहिले की माझी गाडी सिग्नलवर शांत सरकत काहून नाही.

आता दादाची गाडी. दादा काटोलला राहते, स्वतःचं घर, मोठं अंगण, वर तीन किलोवॅटचं सोलर, सूर्यघर योजनेत ७८ हजार सबसिडी मिळाली. आपल्या विदर्भातल्या उन्हात तीन किलोवॅटवर दिवसाला सरासरी बारा युनिट तरी बनतात. त्याची इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमधे साडेसहा-सात किलोमीटर चालते. म्हणजे रोजचे ऐंशी किलोमीटर छतावरूनच निघतात. काटोल ते नागपूर साठेक किलोमीटर, आला, काम केलं, घरी जाऊन प्लग लावला. त्याच्या किलोमीटरचा खर्च माझ्या पेट्रोलच्या जवळपासही येत नाही, आणि वहिनी सांगते की पेट्रोल पंपाचं तोंड पाहिलेलं नाही कितीतरी दिवसांत. वर महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे, आणि साध्या कारला एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २.०६ रुपये आहे, म्हणजे संभाजीनगरपर्यंतच नऊशेच्या वर होतात. रोड टॅक्स माफ. जीएसटी पाच टक्के. माझ्या हायब्रिडवर रोड टॅक्स पेट्रोल गाडीइतकाच, बारा टक्के. उत्तर प्रदेशानं २०२४ मधे स्ट्राँग हायब्रिडची नोंदणी फी माफ केली, आपल्याकडे तसं काही नाही आणि मला वाटते थोडी तरी सूट पाहिजे, कारण बर्डीच्या चौकात धूर न सोडता उभी राहणारी गाडी आणि धूर सोडत उभी राहणारी गाडी एकाच टॅक्समधे बसवणं बरोबर नाही.

इलेक्ट्रिकवाल्यांना कोराडीचा टोमणा नेहमी मारतात की तुमची वीज तरी कुठून येते, कोळशातूनच ना. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन युनिट आपल्या डोळ्यासमोर आहेत, खापरखेडा आहे, तिथल्या लोकांच्या घरावर राख पडते ते खरंच आहे आणि त्याची काळजी वाटलीच पाहिजे. पण दादाच्या सोलरला हा टोमणा लागू होत नाही. आणि हायब्रिडला तर तो मारायचा अधिकारच नाही, तिच्या सायलेन्सरमधून धूर इथेच रस्त्यावर येते, कमी असला तरी.

नागपूरला हे सगळे प्रयोग आपल्याच अंगणात झालेले पाहायला मिळाले म्हणून आपलं मत जरा वेगळं असायला पाहिजे असं मला वाटते. २०१४ मधे इथे इथेनॉलवर चालणारी स्कॅनियाची बस आली, गडकरी साहेबांनी दाखवली. मे २०१७ मधे ओलानं देशातला पहिला मोठा इलेक्ट्रिक टॅक्सीचा प्रयोग नागपुरातच सुरू केला, आणि वर्षभराच्या आतच ड्रायव्हर लोक चार्जिंगच्या रांगांना कंटाळून गाड्या सोडायला निघाल्याच्या बातम्या आल्या. गाडी वाईट नव्हती, रोजी कमावणाऱ्या माणसाला रांगेत तास घालवणं परवडत नव्हतं. टॅक्सीवाला तर बिचारा रात्रीही रस्त्यावरच गाडी लावते, त्याला प्लग कुठला. सीएनजीचंही तसंच, २०२२ मधे आपल्याकडे सीएनजी १२० रुपये किलो झाला होता, देशात सगळ्यात महाग, कारण तेव्हा पाइपलाइन नव्हती, गॅस टँकरनं गुजरातहून यायचा. ज्यांनी मुंबई-पुण्याचं पाहून किट बसवलं ते अडकले. दुसऱ्या गावातलं गणित आपल्या गावात लावू नये ते याच्यासाठी.

पुढचं काय. माझ्या मते हायब्रिडला पुढची दहा वर्षं तरी मरण नाही, पण ती जगेल ते इथेनॉलच्या जोडीनं. ऑगस्ट २०२३ मधे गडकरींनी इनोव्हा हायक्रॉसची फ्लेक्स-फ्युएल हायब्रिड दाखवली, म्हणजे पेट्रोलऐवजी जास्त करून इथेनॉलवर चालू शकणारी. इथेनॉलमधे पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ताकद कमी असते, त्यामुळे साध्या गाडीचं मायलेज पडते, ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून सगळे ओरडून राहिले ते त्याच्याचसाठी. हायब्रिड जे वाचवते त्यानं ही तूट भरून निघते. ब्राझीलमधे २०१९ पासून अशी कोरोला विकतात, म्हणजे स्वप्नातली गोष्ट नाही. धानाच्या तणसापासून इथेनॉल खरंच परवडण्यासारखं झालं तर भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळेल, ही आशा मला आहे. उसाचं इथेनॉल वाढवायला पाणी किती लागते हे पाहता ती वाट मला पटत नाही.

दुसरं म्हणजे लहान गाड्या. सप्टेंबर २०२५ च्या नवीन जीएसटीत चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडला १८ टक्के केलं, मोठ्या हायब्रिडला ४०, इलेक्ट्रिकला पाचच. म्हणजे छोटी हायब्रिड काढायला कंपन्यांना आता कारण आहे, दहा-बारा लाखात स्ट्राँग हायब्रिड हॅचबॅक आली तर नागपुरातल्या स्कीमा स्कीमांत तीच दिसेल. होंडाची सिटी हायब्रिड २०२२ पासून आहे, चालवायला हायरायडरपेक्षा गुळगुळीत, तिचं इंजिन शहरात बहुतेक वेळ नुसतं जनरेटरचं काम करते, पण किंमत वीस लाखांच्या घरात आणि सेडान आपल्या खड्ड्यांत घासते. प्लग-इन हायब्रिड आपल्याकडे परवडेल अशी नाहीच, आणि आली तरी तिलाही घरी प्लग पाहिजे, म्हणजे माझ्या पार्किंगचा प्रश्न तिथेच.

टोयोटाची हायड्रोजनवर चालणारी मिराई कार गडकरी साहेब २०२२ मधे संसदेत घेऊन गेले होते, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण विजेपासून हायड्रोजन बनवा, ७०० बारपर्यंत दाबून भरा, गाडीत परत त्याची वीज करा, यात निम्म्याहून जास्त ताकद रस्त्यातच संपते. तीच वीज सरळ बॅटरीत टाकली तर दुप्पट-तिप्पट अंतर जाते. ट्रकला, लांबच्या मालवाहतुकीला कदाचित जमेल, तुमच्या-माझ्या कारसाठी त्याची वाट पाहू नका. सॉलिड स्टेट बॅटरीची, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या नव्या बॅटरीची, पण नका पाहू, टोयोटा २०२७-२८ म्हणून राहिली आहे, पण आपल्या बजेटच्या गाडीत यायला त्याच्यानंतर किती वर्षं लागतील ते कोणी सांगू शकत नाही, आणि तोवर तुम्हाला ऑफिसला जायचंच आहे.

शेवटी घेणाऱ्यांसाठी. टेस्ट ड्राइव्ह सकाळी दहाला शोरूमसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका, दुपारी मागा, घरचे चार जण बसवा, एसी फुल करा आणि बर्डीतून किंवा मानकापूर चौकातून फिरवा, मग मोकळा रस्ता पाहून एकदा पेडल पूर्ण दाबून आवाज ऐका, तो तुम्हाला रोज चालेल का ते ठरवा. तुमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या दोन बॅगा सोबत न्या आणि डिक्कीत टाकून पाहा. बॅटरीच्या वॉरंटीत काय येते, काय नाही, ते छापील मागा. आणि मागच्या सीटवर मधे कोणाला तरी बसवून त्याच्या डोक्याला छप्पर लागते का ते विचारा, आमच्या उंच पुतण्याला लागते.